बस्तीतली कामं संपली का?



गेल्या दशलक्षण पर्वात, आठव्या दिवशी म्हणजे उत्तम त्यागाच्या दिवशी, बस्तीतून बाहेर पडताना माझ्या मोठ्या नणंदेने चपला पायात सरकवता सरकवता मला विचारलं, "काय गं, बस्तीतली कामं संपली का, म्हणून तू त्या क्लबात जातेस?" बरोबरच्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. उत्तर दिलं नाही, कारण वन्संना चारचौघांत उत्तर द्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

पण तो प्रश्न मनातून गेला नाही. आणि खरं सांगायचं तर तो फक्त वन्संचा नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत, हेच वेगळ्या शब्दांत विचारलंय. म्हणून आज लिहायला बसले. माझं मत आधीच सांगते म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. आपल्या बायकांनी अशा सेवाभावी क्लबात जावं. साठीनंतर तर जरूर जावं. फक्त जाताना आपला धर्म आणि आपली हिशेबाची सवय दोन्ही बरोबर न्यावी. ती घरी ठेवून जायचं असेल तर मग दुपारची झोप बरी.

मी १९८१ सालची बी.कॉम. निकाल लागला त्याच वर्षी लग्न झालं. कीर्द, खतावणी, ताळेबंद असं सगळं शिकले आणि ते सगळं दूधवाल्याच्या आणि किराण्याच्या वहीत खर्ची पडलं. तक्रार म्हणून सांगत नाही, आमच्या पिढीत असंच होतं. आमचे हे पुरुषांच्या क्लबात बावीस वर्षं सभासद. मी 'मेंबरची मिसेस'. दरवर्षी जुलैत पदग्रहण समारंभ असायचा, कारण या क्लबांचं वर्ष एक जुलैला सुरू होऊन तीस जूनला संपतं. मी चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसायची, टाळ्या वाजवायची आणि जेवण सुरू व्हायच्या वेळी सूर्यास्त झालेला असायचा म्हणून उपाशी घरी यायची. बावीस वर्षांत मला कुणीही विचारलं नाही की या पैशाचं पुढे काय होतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गावातल्या बायकांच्या क्लबाने मला बोलावलं. (या क्लबांत अर्ज करून जाता येत नाही, कुणीतरी बोलवावं लागतं. ही रीत मला अजून फारशी पटलेली नाही.) क्लबाचं नाव मी इथे देत नाही, पुढे काही कडू गोष्टी येणार आहेत. हे म्हणाले, "तुला तिथे बसायला जमेल का? बडबड फार असते." मी म्हटलं, "तुमच्या दुकानात बसले नाही कधी, निदान तिथे बसते."

थोडा इतिहास सांगते, कारण मला तो वाचून मजा वाटली. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ साली तिथेच. दोन्ही निव्वळ पुरुषांचे. बायकांना सभासद करून घ्यायला लायन्सला १९८७ साल उजाडलं आणि रोटरीला १९८९. बायका मात्र तोवर दारात उभ्या राहिल्या नाहीत. १९२४ च्या जानेवारीत मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग नावाच्या बाईने रोटरीवाल्यांच्या बायकांना एकत्र करून इनर व्हील काढला, आणि तो आज आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतसुद्धा आहे. या क्लबांनी नुसत्या पार्ट्या केल्या असंही नाही. रोटरीने १९८५ साली पोलिओचं काम हाती घेतलं. ते काम सरकारचं, डॉक्टरांचं आणि घरोघर फिरणाऱ्या हजारो बायकांचंही होतं, पण रोटरीने पैसा आणि माणसं लावून धरली. आपल्या देशातला नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत हावड्यात सापडला, त्यानंतर नाही. माझ्या माहेरी शेजारच्या घरात पोलिओ झालेला मुलगा होता. त्याचा तो लोखंडी पट्टा घातलेला पाय आमच्या पिढीला आठवतो, आमच्या नातवंडांना सांगूनही कळत नाही.

आता आपल्या बायकांचे आक्षेप. रात्रीच्या जेवणाचा आक्षेप फार सोपा निघाला. मी पहिल्याच सभेत सांगितलं की मी सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि कांदा-बटाटाही खात नाही, तर सभा दुपारी चारला घेता येईल का. मला वाटलं होतं नाकं मुरडतील. उलट दोन सुनांनी सुटकेचा श्वास टाकला, त्यांना संध्याकाळचा स्वयंपाक टाकून यावं लागत होतं. तेव्हापासून सभा चारला.

दुसरा आक्षेप म्हणजे मिरवण्याचा. हा खरा आहे, मी तो नाकारणार नाही. गळ्यात पट्टे, एकाच रंगाच्या साड्या, पाच वह्या देताना पंधरा जणींचा फोटो. मला पहिलं वर्षभर लाज वाटायची. पण मैत्रिणींनो, आपण जरा बस्तीत मान वर करून बघूया. पायरीवर नाव, पंख्याच्या पात्यावर नाव, थंड पाण्याच्या टाकीवर नाव. पंचकल्याणक पूजेत सवाल बोलताना आवाज कसा चढत जातो ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. आणि त्या संगमरवरावर बाई असलीच तर 'यांच्या धर्मपत्नी' म्हणून. आमच्या सासूबाईंनी त्यांच्या पाटल्या मोडून सभामंडपाची फरशी घातली, तिथे मामंजींचं नाव आहे. तेव्हा मिरवण्याबद्दल बोलायचं तर दोन्हीकडचं बोलावं लागेल.

तिसरा आक्षेप वन्संचा. आपलं आधी, मग बाहेरचं. यावर मी पुढे येते, कारण त्याआधी मला तांबोल्याचं सांगायचंय.

क्लबात पैसे उभे करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तांबोला, ज्याला कुणी हाउजी म्हणतात. शंभर रुपयांचं तिकीट, त्यावर पंधरा आकडे, आकडे पुकारायचे आणि ओळ भरली की बक्षीस. माझ्या दुसऱ्या वर्षी ऊसतोडणी करणाऱ्या बायकांसाठी चष्म्यांचं शिबिर घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी तांबोला. प्रत्येकीने वीस तिकिटं खपवायची.

मी नाही म्हटलं. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेलं आहे. पैसा लावून नशिबाची वाट बघायची, मग तो पैसा चांगल्या कामाला जाणार असला म्हणून जुगाराचं पुण्य होत नाही. मी हे शांतपणे सांगितलं. सगळ्या गप्प. आमच्या प्रेसिडेंट माझ्या सुनेच्या वयाच्या आहेत. त्या म्हणाल्या, "काकू, तुमचं बरोबर आहे, तुम्ही तिकिटं विकू नका. पण मग तुमच्या वाट्याचे दोन हजार कुठून आणायचे?"

मला राग आला. पर्समधून दोन हजार काढून द्यावेत आणि विषय संपवावा असं वाटलं. ते मला जमलं असतं, हे देतात. पण घरी येताना रिक्षात विचार करत होते. पैसे यांचे, नियम माझा आणि काम दुसऱ्यांचं. यात माझं काय होतं? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या शेवटी दानाची व्याख्या आहे. दहा अध्याय दहा दिवसांत वाचतात तेव्हा आपण ती दरवर्षी ऐकतो. दुसऱ्याच्या भल्यासाठी आपलं स्वतःचं सोडणं म्हणजे दान. आणि लगेच पुढे सांगितलंय की विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चारांवरून दानादानांत फरक पडतो. इतकी वर्षं मी 'पात्र' या शब्दावर थांबायची, कोण योग्य कोण अयोग्य. त्या दिवशी 'द्रव्य' आणि 'दाता' यांवर अडकले. द्रव्य कसं आलं, आणि देणारी मी नक्की काय सोडतेय.

दुसऱ्या दिवशी मी प्रेसिडेंटना फोन केला. म्हटलं, तांबोल्याची तिकिटं विकणार नाही, पण दिवाळीआधी भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि उडदाचे पापड करून विकीन आणि दोन हजारांपेक्षा जास्त आणीन. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे आहेत काकू." म्हटलं, पुरेत.

आपल्या महिला मंडळातल्या नऊ जणी यायला तयार झाल्या. पीठ दळून झालं, डाळी भाजून झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, पैसे कुणासाठी? मी सांगितलं, टोळीतल्या बायकांच्या चष्म्यांसाठी. चौघी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. एकीने निरोप पाठवला, "आपल्या समाजात गरीब नाहीत का?"

आहेत ना. आणि त्यांच्यासाठी आपली माणसं आधीपासून करत आली आहेत. दक्षिण भारत जैन सभा १८९९ सालची, तिच्या बोर्डिंगांत राहून आपल्या किती घरांतली मुलं शिकली. पण त्याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं बोर्डिंग काढलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना जेवू घालायला अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. कुंभोजच्या, आपल्याच एका बाईने. आपण कर्मवीरांच्या जयंतीला अभिमानाने त्यांचं नाव घेतो, पण लक्ष्मीबाईंच्या चुलीवर कुणाची मुलं जेवली हे सांगायला विसरतो.

शिवाय टोळी ही काही लांबची गोष्ट आहे का? आपल्यातल्या निम्म्या घरांची ऊसशेती आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, मराठवाड्यातून टोळ्या येतात, आपल्याच रानाच्या कडेला कोपी बांधतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांचं नावच कोयता! मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत फडात राबायचं, पहाटे चारच्या आधी उठायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी पेपरात आली होती. कामात खाडा नको, खाड्याचा दंड नको म्हणून तरुण बायकांनी पिशव्या काढून घेतलेल्या. मी ती बातमी चहा पिता पिता वाचली, हळहळले, आणि पेपर घडी घालून रद्दीत ठेवला. त्या वेळी आमच्या रानात टोळी होती की नव्हती हेही मी यांना विचारलं नाही.

पाच जणींनी तीन आठवडे काम केलं. आता हिशेब सांगते, कारण त्यासाठीच हा लेख आहे. तांबोल्याची २८० तिकिटं गेली, २८,००० जमा. बक्षिसं ९,०००. हॉल, माईक, चहा-नाश्ता ५,५००. उरले १३,५००. म्हणजे शंभरातले अठ्ठेचाळीस रुपये कामाला लागले. मला वाटलं होतं आमचा आकडा बघून सगळ्यांचे डोळे उघडतील. आमची विक्री २७,४००. डाळी, दाणे, तेल, गॅस, पिशव्या मिळून खर्च १५,९००. उरले ११,५००. शंभरातले बेचाळीस. आणि पाच जणींच्या तीन आठवड्यांच्या मजुरीची नोंद कुठेच नाही. तांबोला तीन तासांत आटोपला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, धर्माने वागलं की फायदा जास्त होतो असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. वहीत तसं दिसत नाही. मला इतकंच दिसलं की 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य मी आयुष्यभर फुकट वापरत आले होते. त्या दिवाळीत पहिल्यांदा त्याची किंमत माझ्या पाठीने आणि हातांनी दिली. त्यानंतर क्लबात मी नाही म्हटलं की कुणी कुजबुजत नाही.

पण एक काटा राहिला आहे, तोही सांगते. त्याच वर्षी मला खजिनदार केलं, बी.कॉम. म्हणून. तांबोला बंद झालेला नाही, दरवर्षी होतो, मी त्या दिवशी जात नाही. मात्र त्याचे पैसे बँकेत भरायचे आणि वहीत जमा धरायचे काम माझ्या हातून होतं. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असं तिहेरी सांगितलंय. स्वतः करणं, करवणं आणि केलेल्याला संमती देणं. जमेच्या बाजूला माझ्या अक्षरात ती नोंद पडते तेव्हा ती नुसती नोंद असते की अनुमोदना? यंदाच्या चातुर्मासात माताजींना विचारीन असं दोनदा ठरवलं आणि दोनदा नुसतं वंदन करून परत आले. उत्तर काय येईल याची भीती वाटली असावी.

आता शिबिराचं. डिसेंबरातल्या संध्याकाळी, टोळ्या फडातून परतल्यावर, कोप्यांजवळच्या पटांगणात. आम्ही दुकानदाराच्या सल्ल्याने दीड, दोन आणि अडीच अशा तीन नंबरांचे साठ तयार चष्मे नेले होते. एकेक १८० रुपयांना. बायका आल्या त्या स्वयंपाक टाकून, धुरात. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, फाटलेलं शिवताना सुईत दोरा जात नाही, मोबाईलवर घरी ठेवून आलेल्या पोराचा फोटो नीट दिसत नाही. चाळिशीच्या आसपासच्या सगळ्या. एकीने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, तुमच्याच रानात की आम्ही. तीन सालं झाली." तीन वर्षं ती आमचा ऊस तोडत होती. मला तिचं नाव माहीत नव्हतं. तिला मात्र आमच्या दाराचा रंगसुद्धा माहीत होता.

उजेड कमी, घाई फार, वाचायला दिलेला कागद कुणाला वाचता येत नव्हता म्हणून तांदळाच्या दाण्यांवर काम भागवलं. सेहेचाळीस चष्मे वाटले. फोटो झाले. रात्री घरी आले तेव्हा जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण मन भरलेलं होतं.

आठ दिवसांनी मुकादमाने एका पिशवीत अकरा चष्मे परत आणून दिले. डोकं दुखतं, गरगरतं म्हणाल्या. कुणाला एकचा नंबर हवा होता, कुणाला तीनचा, आणि दोघींना तर जवळचा नव्हे, लांबचा हवा होता. आम्ही नंबर बदलून आणेपर्यंत टोळी दुसऱ्या फडावर निघून गेली होती. मी दोन गावं फिरून शोधलं, त्या अकराजणी सापडल्या नाहीत.

आणि इकडे वर पाठवायच्या अहवालात लिहिलं होतं, 'लाभार्थी ६०'. साठ चष्मे घेतले म्हणून साठ. मी म्हटलं, वाटले सेहेचाळीस, परत आले अकरा, लाभार्थी पस्तीस. प्रेसिडेंट म्हणाल्या, "काकू, वर सगळे क्लब असेच आकडे पाठवतात. पस्तीस बघून आपल्याला कोण विचारणार?" मी म्हटलं, "हिशेबावर माझी सही आहे. वहीत चौदा चष्मे शिल्लक आणि अकरा परत आलेले दिसतायत. अहवालात साठ लिहिलंत तर एक वही खोटी होते, कुठली ते तुम्ही सांगा." पंधरा दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. शेवटी '४६' गेलं आणि खाली एक ओळ, अकरा परत. मला हवं होतं ते पस्तीस काही गेलं नाही. पण पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच सांगितलं की एक ते तीनपर्यंत सगळे नंबर घेऊया, शिबिर रविवारी दिवसा ठेवूया आणि तपासायला माहितगार माणूस नेऊया. त्या वर्षी दोनच चष्मे परत आले, आणि टोळी हलायच्या आत बदलून दिले. राग धरून न बसता चूक दुरुस्त करणाऱ्या त्या पोरीबद्दल मला फार आदर आहे, ती हे वाचत असेल तर तिला कळू दे.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला बोलावणं आलं तर जाण्याआधी एवढं करा. मागच्या वर्षीचा हिशेब बघायला मागा. देताना आढेवेढे घेतले तर तुम्हीही आढेवेढे घ्या. लोकांकडून कामासाठी जमवलेला पैसा एका खात्यात आणि सभासदांच्या वर्गणीचा दुसऱ्या खात्यात आहे ना ते बघा, कारण पुष्पगुच्छ, बॅनर आणि चहा हे वर्गणीतून व्हायला हवेत, लोकांच्या पैशातून नाही. मोठ्या क्लबांचे स्वतःचे नियमही हेच सांगतात, पाळायला मात्र कुणीतरी खडूस बाई लागते. चेकवर दोघींच्या सह्या असाव्यात. करसवलतीची पावती देऊ म्हणाले तर त्यांच्या ट्रस्टला ८०जीची नोंदणी आहे का विचारा, आणि घरच्यांना सांगा की दोन हजारांवर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, नव्या करप्रणालीत तर मिळतच नाही. हे सगळं विचारताना तुम्हाला भांडकुदळ म्हणतील. म्हणू देत. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी आपण यापेक्षा जास्त बोलतो.

आणि बस्ती सोडू नका. मी सोडलेली नाही. माझा चौका असतो, चातुर्मासात आहारदान असतं, पाठशाळेत रविवारी मुलांना मी घेते. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं आपल्याला सांगितली आहेत. मी साठ वर्षं पहिल्यावरच रेंगाळले होते. चष्मा औषधात मोडतो असं मी धरलंय.

या महिन्यात पुन्हा भाजणीची तयारी सुरू केली. मागे गेलेल्या चौघींतली एक परत आली आहे, काही न बोलता कढईजवळ बसली. परवा वन्संचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "त्या तुझ्या चष्म्यांना पाचशे रुपये देते. कुणाला सांगू नकोस, पावतीबिवती नको."

मी म्हटलं, "वन्सं, पावतीशिवाय मला पैसे घेताच येत नाहीत. वहीत काय लिहू?"

"मग ह्यांच्या नावाने कर."

"पैसे कुणाचे?"

थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. पेन्शनमधले त्यांचे स्वतःचे होते, मला माहीत होतं. मग म्हणाल्या, "माझं पूर्ण नाव येतं का तुला लिहायला? शाळेतलं आहे ते."

मी पावतीपुस्तक उघडलं आणि म्हटलं, सांगा.

जय जिनेंद्र.